कष्ट, शब्द आणि दुभाषा

विश्रामबागेतील विलिंग्डन महाविद्यालयासारख्या ठिकाणी समाजशास्त्राचा अभ्यास करणारा विद्यार्थी फ्रेंच विचारापर्यंत पोचतो तो बहुधा इंग्रजीच्या वाटेने. लुई द्युमाँ यांचा जातिव्यवस्थेवरील ‘होमो हायरार्किकस’ हा ग्रंथ फ्रेंचमध्ये १९६६ साली, तर इंग्रजीत १९७० साली आला. वाचन, अध्यापन आणि वाद यांना आधार राहिला तो मुख्यत्वे या दुसऱ्या संहितेचा. मूळ वस्तू आपल्या घरची, सिद्धान्त फ्रेंच आणि दुभाषा इंग्रजी, असा हा क्रम.

मराठी दलित आत्मकथनांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटलेला दिसतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) पुणेवासी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गी पॉइत्वाँ यांनी १९९० साली फ्रेंचमध्ये नेले. फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) त्यांच्याच भाषांतरातून पुढच्या वर्षी फ्रेंच वाचकाला मिळाले. इंग्रजी वाचकाला मात्र ‘जिणं आमुचं’साठी २००८पर्यंत (माया पंडित) आणि ‘बलुतं’साठी २०१५पर्यंत (जेरी पिंटो) थांबावे लागले. सातारा जिल्ह्यातील एका स्त्रीचे जगणे पॅरिसला आधी कळले आणि इंग्रजी जाणणाऱ्या दिल्लीला नंतर!

शीर्षकांकडे पाहिले की या प्रवासाची किंमत ध्यानात येते. ‘बलुतं’ ही गावगाड्यातील हक्काची आणि लाचारीची संज्ञा. फ्रेंचमध्ये तिच्या जागी ‘माझे अस्पृश्याचे जीवन’ अशा अर्थाचे शीर्षक आले. ‘आमुचं’मधील समूह ‘एका अस्पृश्य स्त्रीचा शब्द’ या अर्थाच्या शीर्षकात एकवचनी झाला. पिंटो यांनी ‘बलुतं’ हा शब्द तसाच राखला आणि पंडित यांच्या इंग्रजी शीर्षकात ‘आम्ही’ परतले. दोन्ही इंग्रजी भाषांतरे थेट मराठीवरून झाली, हा योगायोग मानता येत नाही.

फ्रेंचमधून इंग्रजीत जाण्याचा प्रसंग आला तो पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या ग्रामीण स्त्रियांवरील ग्रंथाबाबत. १९८५च्या फ्रेंच शीर्षकात ‘पेन’ हा शब्द होता. त्यात श्रम आणि वेदना दोन्ही आहेत. आपल्या ‘कष्ट’ या शब्दाइतका जवळचा प्रतिशब्द शोधून सापडणार नाही. १९९३च्या इंग्रजी शीर्षकात या स्त्रिया बोलू लागल्या, पण कष्ट गळाले. तेथे दोन भाषा जाणणारा दुभाषा अपुरा होता. ज्या तिसऱ्या भाषेत त्या बायका बोलल्या, तिचा कान हवा होता.

याच दोघांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे भाग्य निराळे. लाखावर ओव्या प्रथम मराठीतच नोंदल्या गेल्या, अनेक गायिकांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. २०१७पासून त्या इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा भाषांतरकारांसमोर मधली फ्रेंच संहिता नव्हती; गाणारीचा मूळ शब्द होता.