धांदरट महानायक आणि बारा वर्षांचा खटला

(१) १९५३ साली अमेरिकेत बारा वर्षे चाललेला एक खटला मिटला. वादी-प्रतिवादी होत्या दोन प्रकाशनसंस्था. परंतु न्यायालयात खऱ्या अर्थाने समोरासमोर उभे होते सुपरमॅन आणि कॅप्टन मार्व्हल. त्याच वर्षी एका विनोदी कॉमिकने या भांडणावर आपले मत मांडले. त्या कथेचा नायक होता 'सुपरड्युपरमॅन': बलदंड, आचरट आणि सर्वस्वी निरुपयोगी. आजचा धागा त्याच्याविषयी.

(२) प्रथम पार्श्वभूमी. जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांना प्रकाशकांच्या स्वाधीन केले. पुढे त्या पात्रावर प्रकाशकांनी अमाप संपत्ती मिळवली.

(३) यश आले तसे अनुकरणही आले. १९४० च्या आरंभी फॉसेट या संस्थेने बिल पार्कर व सी. सी. बेक यांचा कॅप्टन मार्व्हल बाजारात आणला. बिली बॅट्सन नावाचा पोरका मुलगा 'शझॅम' हा मंत्र उच्चारतो आणि महाबली होतो, ही त्यामागील कल्पना. बालवाचकांना ती इतकी भावली की चाळीसच्या दशकात काही काळ त्याचा खप सुपरमॅनलाही मागे टाकू लागला.

(४) सुपरमॅनची मालक असलेल्या नॅशनल कंपनीने १९४१ मध्ये नक्कल केल्याचा दावा दाखल केला. सुनावणी झाली ती १९४८ मध्ये. कनिष्ठ न्यायालयाने नक्कल झाल्याचे मान्य केले; पण वृत्तपत्रांतील सुपरमॅनच्या चित्रपट्ट्यांवर स्वामित्वहक्काची सूचना नीट छापली नव्हती, या कारणावरून निकाल फॉसेटच्या बाजूने दिला.

(५) १९५१ मध्ये अपिलात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तो निकाल फिरवला. तोवर युद्धोत्तर काळात महानायकांची लोकप्रियता ओसरली होती आणि लढत राहणे फॉसेटला परवडणारे नव्हते. अखेर ४,००,००० डॉलर देऊन आणि कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन थांबवण्याचे मान्य करून तिने तडजोड केली.

(६) आता रंगमंचावर येते 'मॅड'. विल्यम गेन्स यांच्या ईसी या संस्थेने १९५२ मध्ये सुरू केलेले हे विनोदी कॉमिक. संपादक हार्वी कर्ट्झमन. पहिले अंक तोट्यात गेले. एप्रिल-मे १९५३ च्या चौथ्या अंकात 'सुपरड्युपरमॅन' झळकला आणि खपाचे चित्र पालटले. लेखन कर्ट्झमन यांचे, चित्रे वॉली वुड यांची.

(७) मूळ क्लार्क केंट हा 'डेली प्लॅनेट'चा वार्ताहर. इथला क्लार्क बेंट, म्हणजे नावापासूनच वाकलेला, हा 'डेली डर्ट'मधील हरकाम्या पोऱ्याचा मदतनीस! लॉइस लेनची झाली लॉइस पेन. ती त्याला तुच्छ लेखते. हा मनुष्य महानायक होतो तेव्हाही सुधारत नाही. भिंतीपलीकडचे पाहणारी त्याची दिव्यदृष्टी खर्ची पडते ती बायकांच्या खोलीत डोकावण्यात.

(८) त्याचा प्रतिस्पर्धी कॅप्टन मार्बल्स. त्याच्या छातीवर विजेच्या जागी डॉलरचे चिन्ह. त्याचा मंत्र 'शझूम'. त्यातील अखेरचे अक्षर पैशाचे! सत्कृत्यांचा नाद सोडून तो आता केवळ धनामागे लागला आहे. त्या वर्षीच्या सुजाण वाचकाला ही चित्रे कुठे बोट दाखवीत आहेत हे सांगावे लागत नव्हते.

(९) युद्धाचा शेवट फार मार्मिक आहे. सुपरड्युपरमॅनचे बळ मार्बल्सपुढे चालत नाही. तो त्याला डिवचून स्वतःच्याच डोक्यावर ठोसा मारायला लावतो. म्हणजे विजय मिळतो तो पराक्रमाने नव्हे, क्लृप्तीने. प्रतिस्पर्धी बाजारात हरत नसेल तर त्याला अन्य मार्गाने आडवे करायचे: खऱ्या खटल्याचे यापेक्षा नेमके चित्र क्वचितच कोणी काढले असेल.

(१०) मग विजयी वीर ऐटीत लॉइसपुढे आपले खरे रूप प्रकट करतो. तिला त्याचे काडीचेही अप्रूप वाटत नाही. अंगरखा बदलला म्हणून माणूस बदलत नाही, असा तिचा एकंदर अभिप्राय. कथा तिथेच संपते. जिंकूनही मान न मिळालेला महानायक मराठी वाचकालाही अनोळखी वाटू नये.

(११) नॅशनलला हा विनोद रुचला नाही; कायदेशीर कारवाईचा इशारा आला. कर्ट्झमन यांनी माघार घेतली नाही. आठव्या अंकात त्यांनी बॅटमॅनचे विडंबन केले आणि 'हे विडंबन आहे' अशी सूचना कथेत इतक्या ठिकाणी पेरली की ती सूचनाच एक विनोद होऊन बसली.

(१२) ठिणगी दूरवर पोहोचली. कॅप्टन मार्व्हल बंद पडताच इंग्लंडमध्ये त्याच्या जागी १९५४ मध्ये मिक अँग्लो यांचा 'मार्व्हलमॅन' आला. १९८२ पासून अ‍ॅलन मूर यांनी तो नव्याने लिहिला. बालपणी वाचलेल्या 'सुपरड्युपरमॅन'चे ऋण मूर यांनी मान्य केले आहे. कर्ट्झमन यांनी हसून विचारलेला प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला: खऱ्या जगात महानायक असता, तर तो कसा वागला असता?

(१३) आता या कथेतील मालकांचे काय झाले ते पाहू. १९७२ मध्ये नॅशनलनेच, म्हणजे आजच्या डीसीने, फॉसेटकडून कॅप्टन मार्व्हल वापरण्याचा परवाना घेतला. ज्याला न्यायालयात खेचले, त्यालाच घरी आणले. तोवर 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव मार्व्हल कंपनीकडे गेले होते. म्हणून नव्या मासिकाचे शीर्षक 'शझॅम!' ठेवावे लागले.

(१४) आणि निर्मात्यांचे? सीगल व शुस्टर यांना निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत स्थान मिळण्यास १९७५ साल उजाडले. कर्ट्झमन यांनी 'मॅड'वर निर्णायक मालकी मागितली. ती नाकारली गेली आणि १९५६ मध्ये ते बाहेर पडले. 'मॅड' पुढे दशकानुदशके बहरत राहिले.

(१५) बारा वर्षे न्यायालयात प्रश्न होता, हा वीर कोणत्या कंपनीचा? ज्यांच्या लेखणी-कुंचल्यातून तो जन्मला, त्यांचे नाव त्या प्रश्नात नव्हतेच. छातीवर डॉलर मिरवणारा कॅप्टन मार्बल्स काढताना कर्ट्झमन आणि वुड यांनी थट्टा केली ती एका प्रतिस्पर्ध्याची; पण ते चिन्ह त्या सबंध धंद्याच्या छातीवर शोभले असते.