सक्शन व डिलिव्हरी पाइप : साहित्याची निवड

पाण्याच्या साठ्यापासून पंपापर्यंत पाणी आणणाऱ्या लवचिक नळाला सक्शन पाइप म्हणतात आणि पंपापासून पुढे पाणी नेणाऱ्याला डिलिव्हरी पाइप. दिसायला दोन्ही सारखे असले, तरी त्यांची कामे उलटी आहेत. सक्शन पाइपवर बाहेरून आत दाब येतो, त्यामुळे तो चपटा न होणे महत्त्वाचे. डिलिव्हरी पाइपवर आतून बाहेर दाब येतो, त्यामुळे तो न फुटणे महत्त्वाचे. ‘पाइप चांगला आहे का’ असे नुसते विचारून उपयोग नाही. कोणत्या बाजूला लावायचा, हे आधी ठरले पाहिजे. ही नोंद कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठचा उपसा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

पाणी वाहून नेणारी मऊ नळी या भागाला नवी नाही. सोंडेच्या मोटेला चामड्याची सोंड असे. मोट भरून वर येताना सोंड दुमडून वर धरलेली असे आणि विहिरीच्या तोंडाशी ती थारोळ्यात मोकळी होई. दुमडण्याइतके मऊ, ओढ सोसण्याइतके चिवट आणि रोज भिजून-वाळूनही न कुजणारे असे काहीतरी हवे होते, म्हणून चामडे कमावून, त्याला तेल पाजून वापरत. रबर आणि प्लास्टिकने आज तोच प्रश्न सोडवला आहे. मधल्या काळात पंप आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये शेजारच्या आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. पुढे तिथले पंप आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधले ओतकाम यांमुळे पंप ही या पट्ट्यातली घरची वस्तू झाली.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा होते. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे पाणी भोगावतीतून खाली येते आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे साठते. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे घालतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढतात. त्यामुळे काठाशी पाण्याची पातळी वर्षभर एक राहत नाही. बरगे असताना पाणी हाताशी असते. उपसाबंदीच्या दिवसांत किंवा आवर्तन लांबले की ते खोल जाते. मोठ्या सहकारी उपसा योजनांना जॅकवेल आणि लोखंडी नळ परवडतात. पाच-साडेसात अश्वशक्तीची मोटर काठावर बसवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र पातळीबरोबर खाली-वर सरकवता येईल असाच सक्शन पाइप लागतो.

पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. खरे तर पंप आतली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मी. उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. कोल्हापूर सुमारे ५५० मी. उंचीवर असल्याने इथे तो ९.७ मी.च्या आसपास भरतो. त्यातून पाण्याची वाफ, पाइपमधले घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली, की प्रत्यक्षात ६ ते ६.५ मी. म्हणजे जेमतेम वीस-एकवीस फूट हाती राहतात. याहून खोल पाण्यासाठी महागातला पाइप आणून काही होत नाही. मोटर खाली न्यावी लागते. पाणी ६ मी. खोल असेल, तर तीन इंची पाइपच्या एक मीटर लांबीवर चहूबाजूंनी मिळून सुमारे १,४०० किलो भार येतो. एवढा भार मऊ भिंत एकटी पेलू शकत नाही. तिला आतून कणा लागतो.

शेतीत सर्वाधिक चालणाऱ्या हिरव्या सक्शन पाइपमध्ये हा कणा कडक पीव्हीसीच्या वळ्यांचा असतो आणि वळ्यांमधली भिंत मऊ पीव्हीसीची. हा पाइप वजनाला हलका असतो, गंजत नाही, आतून गुळगुळीत असतो आणि स्वस्तही. उन्हात मात्र तो कमजोर ठरतो. एप्रिलच्या दुपारी काठावर उघडा पडलेला पाइप हाताला चटका देतो, त्या वेळी त्याची भिंत मऊ पडलेली असते. सकाळी सहाला नीट चालणारी मोटर दुपारी दोनला पाणी सोडते, तेव्हा पाइप वळणापाशी चपटला आहे का, हे आधी पाहावे. उसाचे पाचट पसरून त्याला सावली केली, तरी खूप फरक पडतो. वर्षे गेली की उलटे घडते: मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू निघून जाते, पाइप ताठ होतो आणि क्लिपेच्या कडेला तडकतो.

रबरी सक्शन पाइपमध्ये कापडाचे थर आणि पोलादी तारेचे वेटोळे असते. तो उन्हात मऊ पडत नाही, दगडावर घासला तरी टिकतो आणि वारंवार हलवण्याच्या कामाला उत्तम. मात्र तो जड आणि महाग असतो, आणि बाहेरचे रबर एकदा फाटले की आतली तार गंजायला वेळ लागत नाही. रबरांतही जाती आहेत. ईपीडीएम ऊन आणि हवेतला ओझोन सोसते, पण डिझेल-ऑइल लागले की फुगते. नायट्राइल तेलाला दाद देत नाही, ऊन मात्र त्याला मानवत नाही. म्हणून डिझेल इंजिनाशेजारी पडून राहणाऱ्या पाइपसाठी आणि मोकळ्या काठावरच्या पाइपसाठी एकच उत्तर नाही. माझे मत असे, की एका जागी सावलीत राहणाऱ्या लहान मोटरीला चांगला पीव्हीसी पाइप पुरतो. भाड्याने फिरणाऱ्या, रोज नवी विहीर उपसणाऱ्या पंपाला रबरावर खर्च केलेला बरा.

सक्शनमधला सर्वांत फसवा दोष म्हणजे आतला थर सुटणे. बाहेरून पाइप गोल आणि धडधाकट दिसतो, पण पंप सुरू झाला की सुटलेला थर आत येऊन वाट अडवतो. पंप बंद केला की तो जागेवर बसतो, त्यामुळे उघडून पाहिले तरी काही सापडत नाही. दुसरा दोष बारीक भोकाचा. डिलिव्हरीत भोक पडले की पाण्याची चिळकांडी उडते आणि लगेच कळते. सक्शनच्या भोकातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मोटर गुरगुरते, धार तुटक येते आणि दोष मोटरीवर जातो. पंप बंद करून, फूटव्हॉल्व्ह (सक्शनच्या तळाची एकमार्गी झडप) पाणी धरत असताना पाइपवरून कोरडा हात फिरवावा. भोक असेल तिथे तो ओला होतो.

डिलिव्हरीचे गणित वेगळे. दर दहा मीटर चढाला सुमारे एक किलो प्रति चौ. सेंमी. दाब धरावा. शेत नदीपासून ३० मी. वर असेल, तर ३ किलो नुसत्या उंचीचे झाले. त्यावर घर्षण आले आणि अचानक वीज गेल्यावर परत फिरणाऱ्या पाण्याचा दणकाही आला. त्यामुळे कायमच्या लाइनीला पुरलेला एचडीपीई किंवा कडक पीव्हीसी पाइप योग्य. शेताच्या डोक्यावर पाणी आल्यावर सरीपर्यंत फिरवायला लपेटा पाइप सोयीचा. तो चपटा गुंडाळता येतो आणि खांद्यावर नेता येतो. याच गुणामुळे तो सक्शनला चालत नाही, कारण त्याला कणाच नाही. तोडलेल्या उसाचे बुडखे, मुरमाचे खडे आणि घुशी हे लपेट्याचे खरे शत्रू. आत पॉलिएस्टर धाग्याचे विणकाम असलेला लपेटा साध्या प्लास्टिकच्या लपेट्याहून चढाला पुष्कळ जास्त टिकतो.

व्यासात काटकसर करणे ही नेहमीची चूक. सेकंदाला १० लिटर पाणी तीन इंची पाइपमधून २.२ मी.च्या वेगाने जाते, चार इंचीतून सुमारे १.२५ मी.ने. सक्शनला दीड मीटरच्या आत राहिलेले बरे. शिवाय तीन इंचीत घर्षण चारपटींहून जास्त होते. पंपाचे तोंड तीन इंची आहे म्हणून सक्शनही तीन इंची, हा हिशोब लांब पाइपला लागू पडत नाही. चार इंची पाइप घेऊन तोंडाशी रिड्यूसर लावावा, आणि तोही वरची बाजू सपाट असलेला. नाहीतर वर हवेचा फुगा अडकून बसतो.

दुकानात पाइप हातात तोलून ‘जड आहे, म्हणजे भरीव आहे’ असे ठरवतात. यात धोका आहे. पीव्हीसीत खडूसारखी भर स्वस्तात मिसळता येते आणि ती पीव्हीसीपेक्षा जडच असते. पाइप घट्ट वाकवून पाहावा. वाकाशी पांढरी रेघ उमटली तर भर जास्त आहे. त्याहून भरवशाची खूण म्हणजे भारतीय मानकाचा छाप. पाण्याच्या सक्शन व डिलिव्हरीच्या लवचिक पीव्हीसी पाइपांसाठी आयएस १५२६५, जड कामाच्या रबरी पाइपांसाठी आयएस ३५४९ आणि फूटव्हॉल्व्हसाठी आयएस १०८०५ ही मानके आहेत. पिण्याचे पाणी टँकरमध्ये भरायचे असेल, तर शेतीचा पाइप वापरू नये. त्यासाठी खाद्यदर्जाचा वेगळा पाइप ठेवावा, आणि तो अपारदर्शक असावा. पारदर्शक पाइपमध्ये हवेचे बुडबुडे दिसतात हा फायदा खरा, पण ऊन आत गेले की शेवाळही धरते.

एक कसोटी मात्र कोणत्याही तक्त्यात सापडत नाही: पूर आला की पाइप काठावरून हलवता येतो का. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. धरणक्षेत्रात पाऊस लागला की काठावर मोटरी काढायची घाई उडते. चिखलात पाय रुततात, बॅटरीच्या उजेडात नट फिरत नाहीत, आणि मोटर वर नेऊन परत येईतो पाणी पाइपच्या क्लिपेपर्यंत चढलेले असते. अशा वेळी वीस फुटांचा तारेचा रबरी पाइप, आत पाणी भरलेला, दोघांना उचलत नाही आणि तो नदीला सोडावा लागतो. म्हणून काठावरच्या मोटरीसाठी पाइप घेताना तो दोघांनी भरल्या पाण्यासकट चढावर नेऊन पाहावा. जमत नसेल, तर दहा-दहा फुटांचे दोन तुकडे मधे कपलिंग लावून घ्यावेत. जोड वाढला म्हणजे हवा शिरायला जागा वाढली हे खरे. तरी जोडातल्या वॉशरची काळजी उन्हाळ्यात निवांत घेता येते.