पडद्यामागची देखरेख

श्रोतेहो, दिल्लीच्या सरोजिनी नगरात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना ‘इन्क्वायरी’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या सेवकांसाठी ही वसाहत उभी राहिली. तेव्हा तिचे नाव विनयनगर होते. सरोजिनी नायडूंचे नाव तिला पुढे मिळाले. नळ गळू लागला, दिव्याचे बटण निकामी झाले, की मनुष्य बांधकाम खात्याच्या एका लहानशा कचेरीत, म्हणजेच इन्क्वायरीत, जाई आणि तेथील वहीत तक्रार लिहून येई. वसाहत कोणी आखली हे कागदोपत्री सापडेल. परंतु ती राहण्याजोगी ठेवली ती त्या वहीने, आणि ती वही वाचून हत्यारांची पिशवी घेऊन निघणाऱ्या माणसाने. इतिहासात पहिल्याची नोंद होते. दुसऱ्याची सहसा होत नाही.

आज ज्या कामाचा इतिहास मी सांगणार आहे, ते या दुसऱ्या प्रकारचे आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारी आज्ञावली रोज नव्याने बांधून, रोज तपासून पाहण्याचे ते काम होय.

प्रारंभ आपल्याच घरापासून करू. सरकारी कचेऱ्यांतील टेबलांवर संगणक आले, तेव्हा त्यांना इंग्रजी तेवढी अवगत होती. पडद्यावर देवनागरी उमटावी यासाठी कानपूरच्या आय.आय.टी.त संशोधन झाले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ते वाढीस लागले. त्यातून ‘जिस्ट’ कार्ड प्रसिद्धीस आले. संगणकाच्या पेटीत हे जादा कार्ड बसविले की पडद्यावर मराठी, हिंदी, तमिळ अक्षरे दिसू लागत. त्या काळी हा मोठाच पराक्रम होता. परंतु कार्डाची सारी विद्या त्या वेळच्या यंत्ररचनेशी जखडलेली होती. ‘डॉस’चे राज्य संपले, पेटीतील खाचेचा आकार बदलला, आणि कार्ड अडगळीत गेले. वस्तू उत्तम असली तरी तिच्या भोवतालचे जग बदलत राहते, आणि त्या बदलाशी तिला रोज जुळवून घ्यावे लागते, हा धडा तेथे मिळतो.

आता थोडे मूळ विषयाकडे वळू. ग्राफिक्स कार्ड हे चित्र काढणारे यंत्र खरे, पण प्रत्येक कंपनीच्या कार्डाची बोली निराळी. ‘येथे एक त्रिकोण काढ, त्यात निळा रंग भर’ ही आज्ञा त्या बोलीत सांगणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. १९९२ साली सिलिकन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने चित्र-आज्ञांची ‘ओपनजीएल’ नावाची सामाईक भाषा पुढे आणली. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९९३ मध्ये, ब्रायन पॉल या तरुणाने ती भाषा जाणणारी स्वतःची आज्ञावली फावल्या वेळात लिहावयास घेतली. कंपनीची अनुमती मिळवून फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याने ती ‘मेसा’ या नावाने सर्वांस खुली केली. कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी, अशी तिची रीत.

पुढे तिच्यात निरनिराळ्या कार्डांचे दुभाषे भरती झाले. २००७ साली ए.एम.डी. कंपनीने आपल्या कार्डांची माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले. जेथे अशी माहिती मिळत नव्हती, तेथे स्वयंसेवकांनी कार्डाचे वर्तन बारकाईने न्याहाळून त्याची बोली शिकून घेतली. ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर असाच जन्मला. आज शाळकरी मुलांच्या हातातील रास्पबेरी पायपासून खेळांच्या यंत्रांपर्यंत मेसाचा संचार आहे.

परंतु हात वाढले तशी अडचणही वाढली. एकाने आपल्या कार्डासाठी एक ओळ दुरुस्त करावी, आणि तिच्यामुळे दुसऱ्याच्या कार्डावर चित्र काळे पडावे! चार जावांनी, एकमेकींस न विचारता, आमटीत एकेकदा मीठ घालावे, तसाच हा प्रकार. आमटी पानात वाढेपर्यंत चूक कळत नाही, आणि कळते तेव्हा ती कोणाची हे सांगता येत नाही.

यावर संगणकशास्त्राने काढलेला उपाय ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ या नावाने ओळखला जातो; आपण त्यास ‘अखंड जुळवणी’ म्हणू. मार्टिन फाउलर यांनी २००० साली या पद्धतीवर लिहिलेला लेख गाजला. ते ज्या थॉटवर्क्स कंपनीत होते, आणि जिची एक कचेरी पुण्यातही आहे, तिच्या मंडळींनी २००१ साली ‘क्रूझकंट्रोल’ हे त्यासाठीचे साधनही प्रसिद्ध केले. तत्त्व साधे आहे: प्रत्येक बदलानंतर सारी आज्ञावली पहिल्यापासून बांधावयाची, कसोटीस लावावयाची, आणि उतरली तरच बदल स्वीकारावयाचा.

मेसाचे बिऱ्हाड ज्या ‘फ्रीडेस्कटॉप’ या संस्थेत आहे, तिने २०१८ साली गिटलॅब ही व्यवस्था स्वीकारली आणि या जुळवणीस वेग आला. ड्रायव्हरची कसोटी मात्र नुसत्या कागदावर होत नाही; त्यासाठी खरी यंत्रे लागतात. म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगशाळांत लहानमोठी यंत्रे फळ्यांवर मांडून ठेवलेली असतात. नवा बदल आला की त्यांवर तो चढविला जातो, शेकडो चित्रे काढविली जातात, आणि ती अपेक्षित चित्रांशी ताडून पाहिली जातात. एखादे यंत्र मध्येच गोठले, तर दुरूनच त्याची वीज तोडून ते पुन्हा चालू करावे लागते. काही कसोट्या चंचल असतात: आज उतरतात, उद्या कारणाविना नापास होतात. त्यांच्या याद्या निराळ्या ठेवाव्या लागतात. यादी फार वाढली तर खरा दोष तिच्यात लपतो. यादीच ठेवली नाही तर निर्दोष बदल दाराशी अडून राहतो. या दोहोंतून वाट काढणे हे देखरेख करणाऱ्याचे नित्यकर्म.

आणि हे सारे फुकट होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये या कामाचा आर्थिक भार वाहणाऱ्या एक्स.ऑर्ग प्रतिष्ठानच्या मंडळाने धोक्याची घंटा वाजविली. खर्च वर्षाकाठी सुमारे ७५,००० डॉलरांच्या घरात जात होता, आणि त्यातील मोठा वाटा रोजच्या बांधण्या साठविण्याचा व इकडून तिकडे पाठविण्याचा होता. नवे दाते न मिळाल्यास मे-जूनच्या सुमारास ही तपासणीच थांबवावी लागेल, असे मंडळाने कळविले. मग काटकसर सुरू झाली: तीच वस्तू पुनःपुन्हा दुरून मागवू नये, ज्या कार्डाशी बदलाचा संबंध नाही त्याची कसोटी घेऊ नये, असे नियम झाले. पुढे इक्विनिक्स कंपनीने यंत्रे विनामूल्य दिली. परंतु त्या कंपनीने आपला तो व्यवसायच आवरता घेतल्यामुळे, एप्रिल २०२५ अखेर ती जागाही सोडावी लागली, आणि बिऱ्हाड जर्मनीतील हेट्झनर कंपनीच्या भाड्याच्या यंत्रांवर हलले.

श्रोतेहो, या घडामोडींत कोणी खलपुरुष नाही. दात्याने दिले, त्याला द्यावयाचे थांबावे लागले, इतकेच. परंतु ज्या आज्ञावलीवर मोठमोठ्या कंपन्यांचा माल चालतो, तिची रोजची तपासणी एका दात्याच्या मर्जीवर टांगलेली असावी, हे विचार करण्याजोगे आहे. खुल्या वस्तूला किंमत नसते, पण तिच्या देखरेखीला असते. आणि ती कोणी तरी, कोठे तरी, रोज मोजत असतो.

सरोजिनी नगराच्या पुनर्बांधणीस २०१६ साली मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, आणि जुन्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या. त्यांच्या आराखड्यांची चर्चा पुष्कळ झाली. पण उंच इमारतींतही नळ गळावयाचेच. इन्क्वायरीची वही बदलेल. ती रोज उघडून वाचणारा माणूस मात्र लागेलच.