चौदाव्या दगडावरचे गाव
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

भारतभरातल्या हजारो भागधारकांच्या घरी एकेकाळी दरवर्षी एक अहवाल यायचा. त्यावर कंपनीचा नोंदणीकृत पत्ता छापलेला असे : चौदावा किलोमीटर दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, चितेगाव, तालुका पैठण. कंपनी होती व्हिडिओकॉन. ज्या गावाचे नाव शेजारच्या जिल्ह्यातही फारसे कोणी घेत नव्हते, ते अशा रीतीने देशभर पोचले. मात्र चितेगावचा इतिहास या दगडापासून सुरू होत नाही.

हे गाव पैठण तालुक्याच्या उत्तर टोकाकडे आहे. खाली काळा बसाल्ट, वर कुठे खोल काळी माती तर कुठे मुरमाड बरड. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. बाजरी, कपाशी, तूर ही इथली ओळखीची पिके. विहिरीला पाणी असेल तिथे मोसंबीची बाग.

दक्षिणेला पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची आणि तिथून मौल्यवान खडे बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. पैठण गोदावरीच्या उत्तर काठावर असल्याने उत्तरेकडे निघालेल्या वाटसरूला हीच पठारी जमीन तुडवावी लागे. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तेव्हापासून इथल्या गावांना दोन तोंडे झाली : देवधर्माला पैठण, कामकाजाला शहर. नाथषष्ठीच्या दिंड्या आजही याच रस्त्याने दक्षिणेकडे जातात.

अशा गावांवर बखरी लिहिल्या गेल्या नाहीत. त्यांचा इतिहास शोधायचा तर महसुली दप्तर उघडावे लागते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या दोन घटनांच्या मधल्या काळातली १९५४ची खासरा पाहणी मराठवाड्यातल्या कित्येक शेतकऱ्यांच्या दृष्टीने आजही महत्त्वाची आहे. जमिनीचा वाद निघाला की वकील आधी तेच पत्रक मागतात.

मग पाण्याची गोष्ट आली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, उजवा १३२. पण दोन्ही धरणाच्या खालच्या अंगाला जातात. चितेगाव पडले वरच्या अंगाला. धरणाचे पाणी या बाजूला आले ते मुख्यतः जलवाहिन्यांतून. जवळच्या फारोळ्याला ते शुद्ध होते आणि पुढे शहराकडे जाते. म्हणजे तालुका धरणाचा, रस्ता जलवाहिनीचा, आणि शेतकऱ्याचे डोळे मात्र आभाळाकडे!

१९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांबरोबर देशात रंगीत दूरदर्शन आले. त्याच दशकात चितेगावच्या शिवारात दूरचित्रवाणी संचांचा कारखाना उभा राहिला. जून २०१८ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांच्या थकबाकीचे आकडे वर्तमानपत्रांत आले. पण कारखान्याच्या पाळ्यांवर ज्यांचे दिवस बेतलेले असतात, त्या चहाच्या टपरीचा, भाड्याच्या खोलीचा, किराण्याच्या उधारीचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

आता पलीकडे बिडकीनला दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली सुमारे बत्तीस चौरस किलोमीटरची वसाहत आकार घेत आहे. पुन्हा जमिनींचे व्यवहार होतील, पुन्हा नवे पत्ते छापले जातील. एक पिढी नांगरावर, दुसरी यंत्रावर. तिसरी कशावर, हे ठरायचे आहे. म्हणूनच हे आत्ता करायला हवे : कोणत्या शेताला काय म्हणत, कुठली विहीर उन्हाळ्यात टिकायची, कारखान्यात पहिल्या पाळीला कोण गेले, हे गावातल्या शाळेच्या मुलांनी म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवावे. सातबारावर गट क्रमांक राहतो, शेताचे नाव राहत नाही. ते गेले की गावाचा इतिहास म्हणून उरेल तो फक्त एक किलोमीटरचा दगड.