रेघ कुणाची?

जावा बेटावरचं सुराकार्ता, सन १७९०. उन्हं अजून अंगणात उतरलेली नाहीत. एका सरदाराच्या वाड्याच्या मागच्या पडवीत तुम्ही उभे आहात आणि डोळ्यांआधी नाकाला कळतं की इथे काम सुरू झालंय. तापलेलं मेण, राळ, कोळशाचा धूर. मातीच्या शेगडीवर तळहाताएवढी कढई, कढईत तपकिरी मेण आणि तिच्याभोवती बुटक्या पाटांवर बसलेल्या चार बायका. प्रत्येकीसमोर बांबूची चौकट आहे आणि चौकटीवर लांबरुंद पांढरं कापड टाकलंय.

जवळ जा. वाड्यात दिवसभर माणसांची ये-जा असते, तुम्हाला कुणी हटकणार नाही.

कापडाचं टोक बोटांत धरून पाहा. ते जावातलं नाही. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर विणलेलं हे तलम सुती कापड डच कंपनीच्या जहाजातून इथवर आलंय. जाड्याभरड्या कापडावर बारीक रेघ उठत नाही, म्हणून ते इतक्या लांबून मागवायचं. मेण लागायच्या आधी त्याने बरंच सोसलंय. तेलात आणि भाताच्या काडांच्या राखेच्या पाण्यात कितीतरी दिवस मळून, वाळवून, खळ देऊन, शेवटी लाकडी मोगरीने ठोकून ते गुळगुळीत केलंय. एवढं केल्यावर ते रंग नीट पितं आणि मेण नीट धरतं.

चौघींतली सर्वांत वयस्क बाई आता चांतिंग उचलते. बांबूची दांडी, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी तांब्याची वाटी आणि वाटीला वाकडी, बारीक तोटी. ती वाटी मेणात बुडवते, तोटीवर हलकी फुंकर मारते आणि तोटीत अडलेला थेंब उडवते. डावा तळवा कापडाच्या मागून टेकवते. मग तोटी कापडाला लागते न लागते तोच एक मधाळ रंगाची रेघ सरसरत खाली उतरते. हात कुठे थांबत नाही, कारण थांबला की तिथे मेणाचा गोळा होतो. मेण फार तापलं तर रेघ पसरते. निवलं तर ते कापडाच्या वरच बसून राहतं आणि उद्या रंग खालून शिरतो. कढई किती तापली आहे हे तिला रेघेच्या रंगावरून समजतं. न बोलता ती शेजारी बसून कोळसा सरकवणाऱ्या मुलीकडे बघते आणि मुलगी पंख्याने शेगडीला वारा घालते.

आता एक गोष्ट नीट बघा. कापडावर कसलीही आखणी केलेली नाही. आपल्याकडची एखादी आजी दारात बसून ठिपक्यांची रांगोळी जशी हातातून उतरवते, तशी ही बाई तिरके पट्टे, त्यांतली एकमेकांत अडकलेली वळणं आणि पट्ट्यांमधली चौकटींची ओळ हातातून उतरवते आहे. हा आहे बाटिकचा पारांग रुसाक नावाचा नमुना. ही वळणं तिने तिच्या वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी, या मुलीसारखंच शेजारी बसून, पाहून पाहून उचलली. कुठल्याच वहीत हे नमुने सापडणार नाहीत, ते या चार बायकांच्या मनगटात आहेत.

वळणं पुरी झाली की ती मोकळ्या जागा भरते. ठिपके, बारीक समांतर रेषा, पाकळ्यांच्या शिरा. मग चौकटीवरचं कापड उलटवते आणि मागच्या बाजूने तीच रेघ, त्याच जागी, पुन्हा एकदा काढते. एवढी मेहनत का, हे रंगाच्या वेळी कळेल. जिथे पांढरं राहायला हवं तिथे रंगाने दोन्हीकडून एकदाही आत येता कामा नये.

काही आठवडे पुढे सरका. वाड्याच्या मागे रंगाचे रांजण मांडलेत आणि इथे पुरुष काम करतायत. निळीच्या रांजणात चुना आणि ताडगूळ घालून पाणी आंबवलंय, वास उग्र आहे. मेणाने भरलेलं कापड आत जातं, बाहेर निघतं तेव्हा हिरवट दिसतं आणि हवा लागताच तुमच्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. एका बुडीवर भागत नाही. गडद निळ्यासाठी ते कित्येक दिवस आत-बाहेर होत राहतं.

मग कापड पुन्हा बायकांकडे येतं. जिथे तपकिरी यायला हवा तिथलं मेण पात्याने खरवडायचं आणि जिथे निळा राखायचाय तिथे नवं मेण चढवायचं. त्यानंतर येतो सोगा, म्हणजे मध्य जावाचा तो ऊबदार तपकिरी रंग. तो सालींपासून आणि लाकडापासून काढतात. त्यातली मुख्य साल ज्या झाडाची, ते तुम्ही ओळखता. पुण्या-मुंबईच्या रस्त्याकडेला उन्हाळ्यात पिवळ्या फुलांनी लगडलेला आणि खाली सडा घालणारा सोनमोहर म्हणजे तेच झाड. आपण त्याच्या सावलीत गाड्या लावतो. इथल्या रंगाऱ्याला त्याच्या सालीत राजवाड्याचा रंग दिसला. सोबत खारफुटीतल्या एका झाडाची साल पडते आणि पिवळा रंग देणारं आणखी एक लाकूड. शेवटी कापड उकळत्या पाण्यात टाकतात. मेण वितळून वर तरंगतं, ते गोळा करून पुन्हा वापरायला ठेवतात. पाण्यातून जे बाहेर येतं त्यात निळा, तपकिरी आणि साईसारखा पांढरा एवढे तीनच रंग असतात, पण त्यांच्यातली प्रत्येक सीमारेषा त्या बाईच्या हाताने ठरवलेली असते.

आता त्याच कापडाच्या मागोमाग राजवाड्याकडे चला. गरेबेग मुलूदचा सण आहे, पैगंबरांच्या जन्माचा. मोठ्या मैदानावर प्रांतोप्रांतीचे अधिकारी जमलेत. पुरुषांचं वरचं अंग उघडं, कमरेला मागच्या बाजूने खोचलेली क्रिस नावाची कट्यार, आणि दोन पट्टे जोडून केलेलं भलंमोठं दोदोत नेसलेलं. कुणाचं नेसणं किती मोठं, त्यावर सोन्याचा वर्ख आहे की नाही, नमुना कुठला, यावरून कुणी कुणाला वाट सोडायची ते ठरतं. १७६९ पासून सुसुहुनानच्या, म्हणजे सुराकार्ताच्या राजाच्या, दरबारातून नेसण्याबद्दल फर्मानं निघत आली आहेत. पारांग रुसाक राजघराण्याखेरीज कुणी नेसायचा नाही. गरुडाच्या जोडपंखांचा सेमेन नमुनासुद्धा नाही. दरबार मुसलमान आहे, तरीही सत्तेची खूण म्हणून मेरूसारखे डोंगर, वेली आणि विष्णूच्या गरुडाचे पंख त्याने जपून ठेवलेत. जावाने जुनं टाकून न देता नव्याखाली कसं सांभाळलं, हे या एका कापडावर वाचता येतं.

सगळ्यांच्या नजरा सुसुहुनानकडे असताना तुम्हाला ती पडवी आठवायला हवी. जिने हा पारांग काढला, तिने तो नेसला तर गुन्हा ठरेल. नेसण्याचा हक्क फर्मानाने देता-घेता येतो, पण काढण्याची विद्या फर्मानाच्या हातात नाही. राजाला ती हवी असेल तर या बायकांपाशीच यावं लागतं.

शंभरेक वर्षं ओलांडा. याच शहरातली लावेयान वस्ती, विसावं शतक नुकतंच सुरू झालंय. उंच भिंतींच्या घरांतून ठकठक असा आवाज येतोय. आत उभे पुरुष पाणी मारलेल्या गादीदार टेबलावर तांब्याचे ठसे उमटवतायत. तांब्याच्या पातळ पट्ट्या वाकवून, जोडून केलेला एकेक ठसा ही स्वतःच एक कारागिरी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे ठसे आले. युरोपच्या गिरण्यांतलं नकली बाटिक जावाच्या बाजारात स्वस्तात उतरत होतं, त्याच्यापुढे टिकायचं तर वेग हवा होता. महिन्यांचं काम आता दिवसांवर आलंय आणि सामान्य घरालाही बाटिक परवडू लागलंय. हा तोटा नव्हे. इथल्या घरांचा व्यापार ज्यांच्या हाती आहे त्याही बायकाच आहेत. लोक त्यांना आदराने 'म्बोक मासे' म्हणतात. कापड, रंग, उधारी, मजुरी, सगळा हिशेब त्यांच्यापाशी. याच वस्तीतले व्यापारी हाजी सामानहुदी यांनी बाटिक व्यापाऱ्यांची संघटना उभी केली आणि तिच्यातूनच १९१२ मध्ये सारेकात इस्लाम ही इंडोनेशियाची पहिली मोठी जनचळवळ पुढे आली.

उत्तरेला समुद्रकाठी पेकालोंगान आहे. तिथे वेगळीच दुनिया आहे: गुलाबी, आकाशी, मोतिया रंग आणि युरोपी फुलांचे गुच्छ. गुजरातच्या पाटोळ्याची नक्कल करणारा ज्लांप्रांग नमुनाही इथलाच. एलिझा व्हान झॉयलन या डच वंशाच्या बाईच्या कारखान्यातलं एक कापड हाती घ्या. काम इतकं बारीक आहे की ठिपके मोजायला गेलात तर डोळे दमतील. आता कडेला बघा. तिथे मेणाने लिहिलेली सही आहे. कापडावर अखेर एक नाव आलं, पण ते मालकिणीचं. एकीने फुलांची बाह्यरेषा काढली, दुसरीने शिरा, तिसरीने ठिपके भरले. त्यांची नावं कडेला मावली नाहीत.

नाव तर सोडाच. १९३० च्या सुमारास वसाहत सरकारचे एक अधिकारी, द काट आंजेलिनो, यांनी जावा आणि मदुरामधल्या बाटिक कारखान्यांची पाहणी केली. अनेक ठिकाणी त्यांना कर्जात अडकलेल्या कामगार बायका दिसल्या. आधी उचल द्यायची आणि मग ती फिटेपर्यंत कामाला जखडून ठेवायचं. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांना 'उचल' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता तुमच्या काळात या. २ ऑक्टोबर २००९ ला युनेस्कोने इंडोनेशियाचं बाटिक मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवलं आणि तेव्हापासून त्या तारखेला सारा देश बाटिक घालून बाहेर पडतो. शिपाई, शिक्षिका, मंत्री, सगळेच. पारांगही आता कुणीही नेसतं, बंधन उरलंय ते राजवाड्यांच्या आवारात. जावाचं बाटिक आपल्याकडेही पोचलं. १९२७ मध्ये रवींद्रनाथ तिकडे जाऊन आले आणि शांतिनिकेतनात ही कला रुजली.

या सगळ्या प्रवासातून एक नजर बरोबर आणा. दुकानात बाटिक म्हणून समोर आलेलं कापड आधी उलटं करा. मागची बाजू फिकट असेल तर ते बहुधा गिरणीतलं छापील. दोन्ही बाजू जवळपास सारख्या, पण नमुना ठरावीक अंतराने तंतोतंत परत येत असेल तर तो ठसा. आणि दोन्ही बाजू सारख्या असूनही कुठलंच पान दुसऱ्यासारखं नसेल, एखादा ठिपका जरा मोठा, एखादं वळण जरा सैल असेल, तर समजा की इथे एक माणूस बसला होता आणि बहुतेक करून ती बाई होती. अशा कापडाची किंमत ऐकून ते खाली ठेवण्याआधी त्या रेघेला लागलेले महिने मनात मांडा. घासाघीस करायची तर ती ठशाच्या कापडावर करा. हाताच्या कामाला पुरते पैसे द्या आणि विकणाऱ्याला विचारा की हे कुणी काढलं. त्याला नाव सांगता आलं पाहिजे, असा आग्रह गिऱ्हाइकांनी धरला तरच ते नाव एक दिवस कापडाच्या कडेला येईल.