एका पत्त्याचे दोन धनी
एखाद्या कार्यालयात परस्परांना जोडलेल्या संगणकांच्या स्थानिक जाळ्यात दोन यंत्रांनी एकच आयपी पत्ता, म्हणजे त्या जाळ्यातील ओळखीचा क्रमांक, धारण केला की एकाचा निरोप दुसऱ्याकडे जाऊ लागतो. हा घोळ टाळण्याचे काम आरंभी माणसाच्या वहीवरच होते. १९८१ मध्ये आयपी या संदेशवहनाच्या नियमावलीची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा जाळ्यांचे क्रमांक जॉन पोस्टेल यांच्या नोंदींतून दिले जात, मात्र जाळ्याच्या आत कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा हे तेथील व्यवस्थापकाने ठरवायचे असे.

ईथरनेट या तारजोडणीच्या पद्धतीने हा पेच त्याच सुमारास सोडवला होता, ही त्यातली गंमत. झेरॉक्सच्या प्रायोगिक ईथरनेटमधला आठ बिटांचा पत्ता एका तारेपुरता वेगळा असला की भागे. पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले योगेन दलाल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात जगभर एकमेव ठरणाऱ्या ४८ बिटांच्या पत्त्याचे समर्थन केले. आयपी पत्त्याला ही सोय नव्हती, कारण तो यंत्र कोणत्या जाळ्यात आहे हेही सांगतो आणि जागा बदलली की बदलतो.

या दोन पत्त्यांची सांगड डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडलेल्या एआरपी या रीतीने घातली. तीत ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा?’ असे सर्वांना विचारले जाते आणि धनी आपला ईथरनेट पत्ता कळवतो. पण उत्तराची शहानिशा होत नाही, त्यामुळे दोघांनी उत्तर दिले तर सहसा नंतरचे ग्राह्य धरले जाते.

१९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांच्या डीएचसीपी या पत्तेवाटपाच्या रीतीने वही सर्व्हरच्या स्वाधीन केली आणि पत्ता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळू लागला. तरी कोणी सर्व्हरला न कळवता त्याच्याच साठ्यातला पत्ता हाताने भरला तर वही फसायचीच. अखेर २००८ मध्ये स्टुअर्ट चेशायर यांनी एआरपीलाच राखणदार केले: पत्ता वापरण्यापूर्वी यंत्राने तीनदा विचारावे, विचारताना प्रेषकाच्या आयपी पत्त्याच्या जागी शून्य लिहावे, म्हणजे शेजाऱ्यांच्या नोंदी बिघडत नाहीत, आणि कोणी हक्क सांगितल्यास तो पत्ता घेऊ नये. वापरात असलेल्या पत्त्यावर दुसऱ्याने दावा केला तर यंत्र एकदा प्रतिकार करू शकते; दहा सेकंदांत पुन्हा तोच दावा आला तर त्याने माघार घ्यावी. जाळ्याचे प्रवेशद्वार असलेल्या राउटरसारख्या यंत्राला मात्र पत्ता न सोडण्याची मुभा आहे. तेथे तंट्याची खबर पुन्हा व्यवस्थापकाकडेच जाते.