शंकेची कसोटी

प्रथिनाच्या रेणूची घडण पाहावयाची, तर त्याचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडावे, हाच दीर्घकाळ शास्त्रज्ञांचा राजमार्ग होता. परंतु सजीव पेशींत प्रथिनांचें कार्य चालतें तें जलमय अवस्थेंत! म्हणून झुरिच येथील कुर्ट व्यूथरिख यांनीं निराळी वाट धरली. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत हायड्रोजनचे अणुगर्भ रेडिओलहरींनीं चाळवावे, निकटच्या अणुगर्भांचा एकमेकांवर होणारा परिणाम मोजावा, आणि त्यावरून कळलेल्या अंतरांनीं सारा रेणू उभा करावा, अशी ही रीति.

या रीतीनें सिद्ध केलेली एका प्रथिनाची रचना त्यांनीं १९८४ सालीं विद्वानांपुढें मांडली, तेव्हां ती तत्सदृश प्रथिनाच्या ज्ञात स्फटिकरचनेवरून बेतली असावी, अशी शंका निघाली. मग टेंडॅमिस्टॅट या प्रथिनावर व्यूथरिख यांनीं आपल्या रीतीनें आणि जर्मनींतील रॉबर्ट ह्यूबर यांनीं क्ष-किरणांनीं, असें स्वतंत्रपणें काम केलें. १९८६ सालीं दोन्ही आकृती जुळल्या, आणि आक्षेपाला आधार उरला नाहीं. पुढें २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा व्यूथरिख यांस मिळाला.

ज्या रीतीशीं आपली रीति तोलावयाची, तिच्याच जाणत्याच्या हातीं तराजू द्यावयास धैर्य लागतें. तें त्यांनीं दाखविलें, हें आम्हांस पारितोषिकाहून मोठें वाटतें.